विजेवर चालणारे घरगुती ब्रूइंग पातेले: हीटर, नियंत्रक आणि अर्थिंग

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. घरी बीअर करणारे परदेशातले हौशी लोक विजेवर चालणारी जी यंत्रणा स्वतः बांधतात, तीच यंत्रणा मी इथे बांधायला घेतली आहे. मात्र माझ्या पातेल्यात रस आंबवणारे यीस्ट पडणार नाही. परवान्याशिवाय घरी बीअर तयार करणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे गुन्हा आहे, त्यामुळे ती वाट या धाग्यावर कोणी सुचवू नये, अशी सुरुवातीलाच विनंती करतो. मला हवा आहे तो त्याआधीचा टप्पा. मोड आणून वाळवलेले धान्य, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात ठरावीक तापमानाला धरायचे, त्यातल्या स्टार्चची साखर होऊ द्यायची, तो गोड रस गाळून उकळायचा आणि गार करून आले-लिंबू घालून घरच्यांनी प्यायचा. धान्य आपल्याकडची दादर ज्वारी आणि जोडीला जव. बीअरमध्ये हाच रस पुढे आंबवतात, म्हणून तोपर्यंतचे उपकरण दोन्हीकडे सारखेच असते.

गॅसवर हे काम होते, पण सुखाने होत नाही. रस तयार होण्यासाठी पाऊण ते एक तास ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमान टिकवावे लागते. दोन-चार अंश खाली गेले तर फारसे बिघडत नाही. परंतु वर जाऊन ७५ ओलांडले, की साखर करणारी एन्झाइम्स निकामी होऊ लागतात आणि एकदा निकामी झालेली एन्झाइम्स तापमान खाली आणले तरी परत कामाला लागत नाहीत. गॅसची ज्योत कमी-जास्त करत तासभर राखण बसण्यापेक्षा हे काम विजेच्या नियंत्रकाकडे सोपवावे, हा या खटाटोपामागचा हेतू आहे.

माझा आराखडा असा आहे. ३०४ प्रतीच्या स्टीलचे ५० लिटरचे एकच पातेले, त्याच्या तळाशी नळीचा हीटर, हीटरच्या वर चार बोटे उंचीवर छिद्रांची जाळी आणि जाळीवर बारीक नायलॉनच्या कापडाची पिशवी, जिच्यात भरड राहील. तळाच्या नळातून एक छोटा गरम पाण्याचा पंप रस ओढून वरून परत भरडीवर सोडत राहील. पंपाच्या वाटेवर पीटी-१०० सेन्सर (तापमानाप्रमाणे विजेचा रोध बदलणारा), त्याला जोडलेला पीआयडी नियंत्रक (ठरवलेले तापमान राखण्यासाठी हीटरची शक्ती आपोआप कमी-जास्त करणारा), नियंत्रकाच्या हुकमावर चालणारा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि एसएसआरमधून हीटर. सेन्सर मुद्दाम पंपाच्या वाटेवर घेतला आहे. भरडीच्या लगद्यात खुपसलेल्या सेन्सरला तळाशी तापलेला रस फार उशिरा कळतो आणि तेवढ्या वेळात हीटर हवे त्यापेक्षा पुढे निघून जातो.

हीटर ३००० वॅटचा धरला आहे. ३० लिटर पाणी ३० अंशांवरून ६८ अंशांपर्यंत न्यायला साधारण १.३३ युनिट वीज लागते, म्हणजे ३००० वॅटवर सव्वीस-सत्तावीस मिनिटे. पातेल्याच्या अंगातून जाणारी उष्णता धरली तर अर्धा तास. भरड काढल्यावर उरलेला सुमारे २६ लिटर रस उकळीपर्यंत न्यायला आणखी एक युनिटाच्या आत-बाहेर. पुढे तासभर उकळताना हीटर पूर्ण शक्तीवर ठेवण्याची गरज नसते. ६० टक्क्यांवर चालवला तर त्या तासाला १.८ युनिट. तापमान धरून ठेवण्याची वीज त्यात मिळवली, की एका वेळेचा खर्च चार-साडेचार युनिट होतो. पातेल्याला बाहेरून इन्सुलेशन गुंडाळले तर त्यातही थोडी बचत होईल.

३००० वॅट आणि २३० व्होल्ट म्हणजे १३ अँपिअर. हा आकडा ऐकायला लहान आहे, परंतु तो सलग दोन-अडीच तास वाहणार आहे आणि ज्या भांड्यातून तो जातो, त्याला आपण ओल्या हातांनी स्पर्श करणार आहोत. म्हणून पातेले, पंप, नळ यांच्याविषयी मी निश्चिंत असलो, तरी विजेच्या बाजूविषयी जाणकारांशी बोलल्याशिवाय पुढे जाणार नाही. मला तीन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. आपल्या काळ्या जमिनीत घरचे अर्थिंग अशा कामाला पुरते का? मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा एसएसआरच्या पेटीचे काय करावे? आणि ज्वारीचा रस हीटरला चिकटून करपू नये, म्हणून हीटर कसा निवडावा?

वायरमन भुसावळ

तापीकाठ भाऊ, तुम्ही पहिला प्रश्न अर्थिंगचा विचारलात, हे फार बरे केले. मी घरगुती आणि शेतीपंपांची वायरिंगची कामे करतो, त्यामुळे जे रोज पाहतो तेच लिहितो.

काळी माती ओली असते तेव्हा अर्थिंगसाठी ती उत्तम असते, कारण तिच्यातून वीज सहज जाते. अडचण उन्हाळ्यात येते. मार्चपासून जमीन आकसते, भेगा पडतात आणि अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सळईपासून सुटते. वर तार घट्ट बांधलेली दिसते, खाली मात्र सळई आणि माती यांच्यामध्ये हवा असते. पावसाळ्यात दोन-तीन ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात कितीतरी पट जास्त दाखवतो. म्हणून मोजणी पावसाळ्यात करून समाधान मानू नये. उन्हाळ्याच्या शेवटी अर्थ टेस्टरने मोजावी आणि तेव्हा ती पाच ओहमच्या आत असेल तर खड्डा चांगला समजावा. खड्ड्यात कोळसा आणि मीठ यांचे थर देण्याची जुनी पद्धत अजूनही उपयोगी आहे, पण त्याला वरून पाइप सोडून उन्हाळ्यात नियमित पाणी घालावे लागते आणि मिठामुळे सळई काही वर्षांत खाल्ली जाते. नवा खड्डा घेणार असाल तर ओल धरून ठेवणारे तयार मिश्रण भरलेला घ्या. खर्च थोडा जास्त येतो.

आता याहून महत्त्वाचे. अर्थिंग कितीही चांगले असले तरी केवळ त्याच्या भरवशावर माणूस सोडू नये. या पातेल्यासाठी ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, लागेलच. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की पडणारा बोर्डावरचा स्विच, तारेला वाचवतो, माणसाला वाचवत नाही. शरीरातून जाणारा ५०-१०० मिलिअँपिअरचा प्रवाह जीव घेऊ शकतो आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही. आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली वीज सतत ताडून पाहतो आणि फरक पडला की तोडतो. त्याच्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबत जा. आरसीसीबीच्या पुढे न्यूट्रल आणि अर्थ कुठेही एकमेकांना जोडू नका. जुन्या घरांमध्ये ‘अर्थ मिळत नाही’ म्हणून प्लगमध्ये न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनेला जोडलेला मी पाहिला आहे. अशा घरात न्यूट्रल तुटला तर पातेल्याच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. काम सुरू करण्यापूर्वी ज्या प्लगवर यंत्रणा चालवणार तो उघडून बघा.

तारेविषयी: मीटरच्या बोर्डापासून सरळ वेगळी ४ चौरस मिलिमीटर तांब्याची तार ओढा. १३ अँपिअरला २.५ ची तारही चालते असे कोणी सांगेल. परंतु पत्र्याच्या छपराखाली, बंद पाइपमधून, आपल्याकडच्या उन्हाळ्यात, सलग अडीच तास चालणारा भार असताना मी ४ च्या खाली जाणार नाही. १६ अँपिअरचा प्लग वापरणार असाल तर पिना घट्ट बसणारा चांगल्या प्रतीचा घ्या आणि पहिल्या तासाभराने यंत्रणा बंद करून त्याला हात लावून पाहा. कोमट ठीक, हात ठेववत नाही इतका गरम नको. माझे मत विचाराल तर प्लग टाळून सरळ आयसोलेटरवर (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या मोठ्या स्विचवर) जोडणी करावी.

लांबचा खान्देशी (सध्या अमेरिकेत)

मी मूळचा अमळनेरचा; इथे बरीच वर्षे घरी बीअर करतो. इथे केंद्र सरकारच्या पातळीवर १९७८ साली घरगुती बीअरला मोकळीक मिळाली. प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा आहे. इंटरनेटवर या यंत्रणेचे जे आराखडे सापडतात, ते बहुतेक इथल्या लोकांनी काढलेले असतात, आणि त्याबद्दलच सावध करण्यासाठी लिहितो आहे.

इथल्या घरात २४० व्होल्ट मिळतात ते दोन जिवंत तारांमधून. प्रत्येक तार न्यूट्रलपासून १२० व्होल्टवर असते. त्यामुळे आराखड्यात हीटर दोन जिवंत तारांना जोडलेला असतो, पंप आणि नियंत्रक एक जिवंत तार व न्यूट्रल यांच्यामध्ये असतात, आणि हीटरच्या जोडणीत न्यूट्रल नसतेच. तो आराखडा डोळे मिटून उतरवला तर आपल्याकडच्या एक फेज आणि एक न्यूट्रलच्या जोडणीत गोंधळ होतो. त्याहून वाईट म्हणजे ‘दोन जिवंत तारा’ म्हणजे आपल्याकडचे दोन फेज असा अर्थ कोणी लावला, तर हीटरवर सुमारे ४०० व्होल्ट जातील.

दुसरी गोष्ट हीटरच्या शक्तीची. इथे ५५०० वॅटचा हीटर सर्रास वापरतात, तो २४० व्होल्टसाठी असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो सुमारे ५०५० वॅट देतो आणि २२ अँपिअर ओढतो. १६ अँपिअरच्या कोणत्याही जोडणीवर तो चालवता येणार नाही. तापीकाठ यांनी ३००० वॅट निवडले आहेत, ते आपल्याकडच्या घराला साजेसे आहेत. तिसरी गोष्ट, इथले गळतीरक्षक ५-६ मिलिअँपिअरला तुटतात आणि आपल्याकडचे ३० ला. त्यामुळे इथल्या लेखांत ‘हीटरची थोडीशी गळती चालते की नाही’ यावर जी चर्चा असते, तिचे आकडे आपल्याकडे लागू करू नयेत.

धुळ्याची ताई

माझा विजेशी संबंध नाही, पण ज्वारी शिजवण्याशी नक्की आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. दर उन्हाळ्यात आमच्याकडे बिबडे होतात. भिजवलेल्या ज्वारीचा भरडा मोठ्या गंजात शिजवताना एक जण सतत ढवळत असते, कारण हात थांबला की बुडाला धरते आणि एकदा धरले की करपट वास साऱ्या घाट्यात उतरतो. मग कितीही तीळ-जिरे घातले तरी तो लपत नाही. चुलीवर गंजाचे पूर्ण बूड तापते, तरीही ही गत. तुमच्या पातेल्यात तीच उष्णता एका बोटाएवढ्या जाड नळीतून येणार असेल, तर भरडीचे पीठ तिच्यावर बसल्याबरोबर करपेल. भाऊ, पिशवीतून सुटणारे बारीक पीठ तळाशी जाणार नाही याची सोय आधी करा. दळण रव्यासारखे जाडसर ठेवा, गिरणीवाल्याला ‘भरड’ असे स्पष्ट सांगा आणि दळून आल्यावर एकदा चाळून पीठ वेगळे काढा. ते पीठ भाकरीला कामी येते.

दादर ज्वारीला टरफल नसते, त्यामुळे भरड एकमेकांना चिकटून बसते आणि रस खाली झिरपत नाही. जवाला टरफल असते म्हणून त्याचा रस सुटतो. नवापूरकडे भात पिकतो, तिथल्या गिरणीत तूस मिळते. ते स्वच्छ धुऊन, एकदा उकळून भरडीत मिसळले तर वाट मोकळी राहील असे मला वाटते.

तापीकाठ (जळगाव)

ताई, चाळण्याची सूचना फार मोलाची आहे आणि तुसाचे तुमचे अनुमान अगदी बरोबर आहे. टरफल नसलेले धान्य वापरताना बीअर करणारेही तांदळाचे तूस मिसळतात.

करपण्याविषयी मी जो हिशेब केला आहे तो इथे मांडतो, म्हणजे तपासता येईल. हीटर किती वॅटचा आहे यापेक्षा त्याच्या अंगावरच्या दर चौरस सेंटिमीटरमागे किती वॅट बाहेर पडतात, हे महत्त्वाचे. पाणी तापवण्याचे बाजारातले रॉड आखूड असतात, त्यामुळे थोड्या जागेतून पुष्कळ उष्णता बाहेर पडते. पाण्याला ते चालते, गोड आणि पिठूळ रसाला चालत नाही. ब्रूइंगसाठी दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७ ते ८ वॅट ही सुरक्षित पातळी मानतात. ३००० वॅट या हिशेबाने बसवायचे तर सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर अंग हवे. ८ मिलिमीटर व्यासाच्या नळीचा घेर २.५ सेंटिमीटर असतो, म्हणजे नळीचा तापणारा भाग १६० सेंटिमीटर लांब हवा. तो घड्या घालून पातेल्याच्या तळात बसवता येतो. औद्योगिक वसाहतीत हीटर बनवून देणारे असतात. त्यांना फक्त ‘३००० वॅट’ न सांगता तापणाऱ्या भागाची लांबी, नळीचा व्यास, स्टीलची प्रत आणि दोन्ही टोकांचा न तापणारा भाग लेखी द्यायचा, असे ठरवले आहे. न तापणारा भाग पातेल्याच्या भिंतीतून बाहेर येईपर्यंत पुरेसा लांब हवा, नाहीतर वायसरचे रबर जळते.

बोअरचे पाणी जड असेल तर हीटरवर पांढरा थर बसतो. त्या थराखाली नळी आतून जास्त तापते आणि लवकर जळते. त्यासाठी प्रत्येक वापरानंतर नळी पुसणे आणि अधूनमधून सायट्रिक ॲसिडच्या गरम पाण्यात भिजवणे पुरेसे आहे. तेच जड पाणी भरडीची आम्लता कमी करते आणि रस नीट सुटत नाही. भरडीचा पीएच ५.२ ते ५.६ च्या दरम्यान हवा. मी आरओचे आणि बोअरचे पाणी मिसळून घेणार आहे.

दादरवाला (चोपडा)

ज्वारीच्या माल्टबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण हे जवाच्या माल्टसारखे साधे प्रकरण नाही.

पहिली, मोडांची. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत आणि मुळांत धुरिन नावाचे द्रव्य असते, त्यातून सायनाइड सुटते. पावसाने ताण दिलेल्या ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावरे दगावतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही; त्यामागचे कारण हेच. म्हणून मोड आलेली ज्वारी उन्हात कडकडीत वाळवून, गोणपाटावर चोळून, सुपात पाखडून कोंब आणि मुळे पूर्ण काढून टाकावीत, आणि ती गुरांनाही घालू नयेत. नंतर रस उघड्या पातेल्यात उकळताना राहिलेला अंश वाफेबरोबर जातो. झाकण लावून उकळू नका. मोड आणताना धान्यावर बुरशीचा काळा-हिरवा ठिपका दिसला तर तो सगळा घाणा फेकून द्या. वाळवल्याने बुरशीचे विष जात नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या नियंत्रकाशी संबंधित आहे. ज्वारीचा स्टार्च फुगून मोकळा व्हायला साधारण ७० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमान लागते, आणि साखर करणारी एन्झाइम्स तर ६५ च्या पुढे दमू लागतात. म्हणजे तुम्ही ६६ अंशांवर तासभर धरले तरी ज्वारीतला पुष्कळसा स्टार्च कच्चाच राहील. यावर उपाय असा, की माल्टची भरड आधी कोमट पाण्यात, ५० अंशांच्या आत, अर्धा तास भिजवावी आणि वरचे निवळ पाणी काढून बाजूला ठेवावे. एन्झाइम्स त्या निवळीत उतरलेली असतात. मग खालची भरड उकळून चांगली शिजवावी, ६५ अंशांपर्यंत निवू द्यावी आणि निवळ तिच्यात परत घालून तासभर धरावे. जव मिसळणार असाल तर तोही याच वेळी घालावा. जवाची एन्झाइम्स ज्वारीपेक्षा जोमदार असतात. झाले की नाही ते पाहायला बशीत थेंबभर रस घेऊन त्यावर औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे. आयोडीनचा तांबूस-पिवळा रंग तसाच राहिला तर काम झाले. तपासलेला रस पातेल्यात परत ओतू नका.

सातपुड्याचा मास्तर (नंदुरबार)

सेन्सरविषयी लिहितो. पीटी-१०० ची रचना समजून घेतली तर तो घरच्या घरी तपासता येतो. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५ ओहम असतो. बर्फ आणि पाणी यांच्या घट्ट काल्यात बुडवून एक तपासणी, उकळत्या पाण्यात दुसरी. परंतु उकळत्या पाण्याचे तापमान सगळीकडे १०० नसते. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला ते साधारण एक अंशाने उतरते. जळगाव सुमारे २०० मीटरवर आहे, तिथे पाणी ९९.३ च्या आसपास उकळते. आमच्या तोरणमाळला, जे ११०० मीटरच्या वर आहे, ते ९६ च्या जवळपासच उकळते. त्यामुळे नियंत्रकाला १०० अंश लावून ठेवले तर तो आकडा कधीच येणार नाही आणि हीटर पूर्ण शक्तीवर राहून रस उतू जाईल. उकळण्याच्या टप्प्यावर नियंत्रक तापमानावर न ठेवता हाताने टक्केवारीवर ठेवावा, जसे तुम्ही ६० टक्के म्हटले आहे. उकळी फुटताना पहिल्यांदा फेस झपाट्याने वर येतो, तेव्हा समोर उभे राहून टक्केवारी कमी करावी लागते.

सेन्सर तीन तारांचा घ्या. दोन तारांच्या सेन्सरमध्ये तारेचाच रोध मोजणीत मिसळतो, आणि इथे ०.३८५ ओहमचा फरक म्हणजे एक अंश.

वायरमन भुसावळ

एसएसआरचा प्रश्न राहिला होता. १३ अँपिअर वाहताना तो स्वतः १५ ते २० वॅट उष्णता सोडतो. आकडा लहान आहे, पण बंद प्लास्टिकच्या पेटीत, बाहेर ४५ अंश असताना, तेवढ्याने आतले तापमान सहज ७० च्या वर जाते. म्हणून पेटी पत्र्याची घ्या, ॲल्युमिनियमचा पंखेदार हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा ठोकळा) पेटीच्या बाहेर उभा बसवा आणि एसएसआरची पाठ त्याला थर्मल पेस्ट लावून आवळा. एसएसआर ४० अँपिअरचा घ्या. १३ अँपिअरच्या कामाला तो मोठा वाटेल, परंतु छापलेला आकडा थंड हीटसिंकवरचा असतो. पेटी पातेल्याच्या वर कधीही नको, वाफ आत जाते.

एसएसआरचा एक स्वभाव मात्र पक्का लक्षात ठेवा. तो बिघडतो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. नियंत्रक ‘बंद’ दाखवत असतो आणि हीटर तापतच राहतो. शिवाय तो धडधाकट असतानाही बंद अवस्थेत त्यातून थोडी वीज झिरपते, म्हणजे हीटरच्या टोकाशी फेज जिवंत असतो. म्हणून एसएसआरच्या आधी दोन ध्रुवांचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली तरच लागणारा मोठा स्विच, हवाच, जो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडेल. त्याच्या कॉइलच्या वाटेत तळाच्या पाण्याची पातळी पाहणारा फ्लोट स्विच घाला, म्हणजे हीटर उघडा पडला की सगळेच बंद. नुसती नियंत्रकाची तार फ्लोटमधून नेली तर अडकलेल्या एसएसआरपुढे तिचा उपयोग होणार नाही.

नवा किंवा बरेच दिवस पडून राहिलेला हीटर लावताना आरसीसीबी पडला तर घाबरू नका आणि आरसीसीबी काढूनही टाकू नका. नळीच्या आत जी पांढरी पूड असते ती हवेतली ओल शोषते, त्यामुळे सुरुवातीला गळती दिसते. हीटर काढून दिवसभर कडक उन्हात किंवा मंद ओव्हनमध्ये वाळवा आणि तार व नळी यांच्यामधला रोध मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या यंत्राने) मोजा. वाळवल्यावरही एक मेगओहमच्या खाली दाखवत असेल तर तो हीटर वापरू नका.

तापीकाठ (जळगाव)

फ्लोट कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घेण्याची सूचना तशीच्या तशी आराखड्यात घेतली आहे. आमच्या भागात शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज १९० पर्यंत उतरते. तेव्हा हा ३००० वॅटचा हीटर सुमारे २०५० वॅटच देईल, म्हणजे उकळीला दीडपट वेळ लागेल. पण त्यात धोका काही नाही. उलट २५० झाले तर तो ३५०० च्या वर जाऊन १४ अँपिअर ओढेल, तेही ४ च्या तारेला झेपते.

गार करण्याचा प्रश्न कोणी विचारला नाही, पण तो मला महत्त्वाचा वाटतो. तांब्याच्या वेटोळ्यातून नळाचे पाणी सोडून रस गार करतात. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणीच ४० च्या घरात असते, त्यामुळे रस त्याच्या खाली जाणारच नाही. मी रस आधी टाकीच्या पाण्याने ५० पर्यंत आणून मग बर्फ घातलेल्या पाण्याने उतरवणार आहे. हा रस आंबट नसतो, त्याचा पीएच ५ च्या वर असतो, म्हणून तो बाटलीत बंद करून घरात ठेवणे धोक्याचे आहे. उकळूनही न मरणारे जिवाणूंचे बीजकण त्यात वाढून विष तयार करू शकतात. त्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचा.

दादरवाला (चोपडा)

एक विचारतो. लोडशेडिंगमध्ये मध्येच वीज गेली तर? आमच्या विहिरीवरच्या स्टार्टरला ऑटो स्विच आहे, वीज आली की मोटर आपोआप चालू होते. तसाच या पेटीला लावला तर रात्रीची वीज येईपर्यंत थांबावे लागणार नाही.

वायरमन भुसावळ

दादा, इथे ऑटो स्विच अजिबात नको. विहिरीवर मोटर पाण्यात असते आणि जवळ कोणी नसते. इथे वीज गेलेल्या वेळात कोणी नळ उघडून रस काढलेला असू शकतो, पिशवी उचलायला पातेल्यात हात घातलेला असू शकतो. त्यामुळे हिरवे आणि लाल बटण असलेली साधी स्टार्टरची जोडणी करा, ज्यात वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि पुन्हा हिरवे बटण दाबेपर्यंत लागत नाही. पंप आणि नियंत्रक इन्व्हर्टरवर ठेवता येतील, हीटर नाही. पातेल्याला इन्सुलेशन असेल तर ३० लिटरची गरम भरड अर्ध्या-पाऊण तासात दोन-चार अंशच उतरते, तेवढ्याने रस बिघडत नाही. वीज आली की आधी जाळीच्या वर रस आहे ना ते पाहायचे, मग बटण दाबायचे. तापीकाठ भाऊ, पेटीची वायरिंग झाली की झाकण लावण्यापूर्वी आतला फोटो इथे टाका. जोडण्या पाहून सांगतो.